उकळतं पेट्रोल आणि ओलं फडकं

भर मे महिन्यात घाट चढून आलेली जुनी गाडी चहासाठी दहा मिनिटं थांबवली आणि नंतर ती सुरूच होईना, हा किस्सा घरातल्या मोठ्यांकडून ऐकला असेलच. टाकीत पेट्रोल आहे, स्पार्क येतोय, तरी इंजिन ढिम्म! सगळे पंपाला दोष देतात. अर्ध्या तासाने मात्र कशालाही हात न लावता गाडी चालू होते. याला म्हणतात ‘व्हेपर लॉक’.

पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात आणि बॉनेटखाली तापमान याहून बरंच जास्त असतं. पाइपात वाफ झाली की पंप ती नुसतीच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांचं दुखणं वेगळं होतं. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला (१९०८ ते १९२७) पंपच नव्हता. बहुतेक मॉडेल्समध्ये टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरमध्ये उतरे. पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला की कार्बुरेटर टाकीपेक्षा वर जायचा आणि पुरवठा बंद. मग लोक चक्क रिव्हर्समध्ये चढ चढत!

पुढे व्हॅक्यूम टँक आला. इंजिनच्या शोषणाने मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढच्या छोट्या टाकीत ओढायचं आणि तिथून खाली सोडायचं. पण लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम घटतो आणि छोटी टाकी रिकामी होते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस डायाफ्रामचा मेकॅनिकल पंप रुळू लागला. चढाची अडचण सुटली, पण उन्हाळ्याची वाढली. पंप गरम इंजिनवरच बसवलेला आणि तो लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढणार. ओढलं की दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. हायड्रॉलिक्सच्या पेपरात आपण कॅव्हिटेशन आणि एनपीएसएच घोकतो ना, तेच हे! १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये तर पंप इंजिनच्या वरच, इनटेक मॅनिफोल्डच्या मागे होता. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पंपावर ओलं फडकं टाकणं हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय अडाणीपणाचा नव्हे. एक किलो पाणी सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेतं, तीच पंपातून निघून जाते. शिवाय पाइप एग्झॉस्टपासून लांब नेणं, मध्ये हीट शील्ड लावणं, कार्बुरेटरखाली जाड इन्सुलेटर बसवणं आणि वाफ टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन टाकणं, हेही उपाय झाले.

खरं औषध मात्र एकच: पेट्रोल ओढू नका, ढकला. म्हणून आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पुढे पाठवतो. दाबाखाली ते सहजासहजी उकळत नाही.

जाता जाता एक सांगतो. जुनी गाडी अशी बंद पडली तर गरम इंजिनवर पेट्रोलचा पाइप सोडवू नका. आतल्या वाफेच्या दाबाने पेट्रोल उडून तापलेल्या एग्झॉस्टवर पडलं तर आग लागेल. बॉनेट उघडा, सावलीत बसा आणि आणखी एक कटिंग मागवा!