जुन्या विमानांचें वय आणि व्यय

विमान जुनें झालें म्हणजे काय? वस्त्रप्रावरणांप्रमाणें त्याचेंही वय वर्षांनीं मोजावयाचें, असा सामान्य समज आहे. तो अपुरा आहे. विमान उंच चढलें कीं आंतील हवेचा दाब बाहेरच्या विरळ हवेहून पुष्कळ अधिक ठेवावा लागतो. उतरतांना हा भेद नाहींसा होतो. अशा रीतीनें प्रत्येक उड्डाणांत विमानाचें कवच एकदां फुगतें व एकदां आकसतें. तार पुनःपुन्हां वाकविली असतां तुटते, त्याच न्यायानें कवचाच्या रिव्हेटांभोंवतीं सूक्ष्म तडे जातात. म्हणून वर्षांइतकीच उड्डाणांची संख्याही पाहावी लागते.

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत ता. २८ एप्रिल १९८८ रोजीं याचें भीषण प्रत्यंतर आलें. अलोहा कंपनीचें बोइंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूस जात असतां सुमारें २४,००० फुटांवर त्याच्या छपराचा सुमारें १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक विमानसेविका बाहेर फेंकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनीं विमान माउई बेटावर उतरविलें, म्हणून उरलेले ९४ जण वांचले. विमानाचें वय अवघें १९ वर्षें. परंतु आंखूड फेऱ्यांमुळें उड्डाणें ८९,६८० झालीं होतीं! पत्र्यांचे चिकटविलेले सांधे सुटले होते, तडे गेले होते. तपासणींत तें हेरलें गेलें नाहीं. अमेरिकेनें पुढें १९९१ सालीं जुन्या विमानांच्या सुरक्षिततेसाठीं स्वतंत्र कायदा केला.

मग कंपन्या जुनीं विमानें टाकून कां देत नाहींत? नव्या विमानासाठीं कर्जाचा अथवा भाड्याचा मोठा भार वाहावा लागतो. जुन्याची किंमत बहुधा फिटलेली असते. उलटपक्षीं तें इंधन अधिक खातें, आणि कांहीं वर्षांनीं त्याची महातपासणी करावी लागते. तींत आसनें, आंतील तक्ते उतरवून सांगाडा उघडा करितात. आठवडेच्या आठवडे विमान जागेवर उभें, मिळकत बंद! हा व्यय सोसूनही जमाखर्च जुळत असेल, तर जुनें विमान चालविण्यांत गैर कांहीं नाहीं. डेल्टा कंपनीनें डीसी-९ जातीचीं, तीन दशकांहून जुनीं विमानें जानेवारी २०१४ पर्यंत चालविलीं.

वाडा शंभर वर्षांचा झाला म्हणून कोणी पाडीत नाहीं. पण वाशांस वाळवी लागली कीं काय, हें पाहण्याचा खर्च जो चुकवितो, त्याचा वाडा पन्नाशींतही कोसळतो. तपासणीचा खर्च पेलवेनासा होईल, त्या दिवशीं विमान सेवेंतून काढावें. खर्च चुकवून तें उडवीत राहणें म्हणजे प्रवाशांच्या प्राणांवर उधारी करणें होय.