दिवसा चावणारा डास आणि कामाच्या जागेची सुरक्षितता

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलाद कारखान्याभोवती वाढलेले कामगारांचे शहर. 2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तेथे डेंग्यूचा तीव्र उद्रेक होऊन अनेकांचा बळी गेला. डेंग्यू हा बहुधा घरगुती स्वच्छतेचा प्रश्न मानला जातो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो कामाच्या जागेचाही प्रश्न आहे आणि शेत, रोपवाटिका व पॅकहाउस त्याला अपवाद नाहीत.

डासाचे वर्तन

डेंग्यूचा प्रमुख वाहक एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी त्याचा उपद्रव अधिक असतो. मजूर त्या वेळी कामावर असतात, त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने संरक्षण होत नाही. मादी भांड्याच्या आतील बाजूस, पाण्याच्या पातळीलगत अंडी घालते. ही अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात व पाणी मिळताच उबतात. अनुकूल हवामानात अंड्यापासून प्रौढ डास सुमारे 7 ते 10 दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळण्यामागे हेच गणित आहे.

शेतावरील नियम

- फवारणीच्या पाण्याची पिंपे, हौद व टाक्या घट्ट झाकाव्यात.
- आठवड्यातून एक ठरावीक दिवस भांडी रिकामी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून दिल्याने अंडी जात नाहीत.
- जुने टायर, प्लास्टिक कागदाच्या घड्या, फुटके ट्रे व कुंड्यांखालील ताटल्या यांत पाणी साचू देऊ नये.
- रिकामे न करता येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.
- तपासणीची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे द्यावी व नोंद ठेवावी.
- मजुरांनी पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

पिकांवरील कीटकनाशक साठवणीच्या पाण्यात कदापि मिसळू नये. अळीनाशकाचा वापर आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनानेच करावा. धूरफवारणीने केवळ उडणारे डास मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात.

ताप आल्यास

रुग्णाला ताप असताना चावलेला डास सुमारे 8 ते 12 दिवसांनी इतरांना संसर्ग देऊ लागतो. म्हणून तापाच्या रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत विश्रांती घ्यावी. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा अतिशय थकवा जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप उतरतानाचा काळ विशेष धोक्याचा असतो. ताप गेला म्हणून लगेच कामावर परतू नये.

रोजंदारी बुडण्याच्या भीतीने मजूर ताप लपवतो. त्यात त्याचा स्वतःचा जीव धोक्यात येतोच, शिवाय शेजारी काम करणाऱ्यालाही संसर्गाची शक्यता वाढते. आजारपणात मजुरी कापली जाणार नाही, हा शेतमालकाचा शब्द म्हणूनच रोगनियंत्रणाचाही उपाय ठरतो. विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकांत पीकसंरक्षणाच्या जोडीने हा विषयही घ्यावा.