वानरांच्या टोळीत पिल्लू कुणाचं?

डिसेंबर २०२१मध्ये परभणीला लागून असलेल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती आणि पिल्लं दगावत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, अशी कथा पसरली. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. कथा मात्र राहिली.

मला ही सूडकथा पटत नाही, कारण दुसऱ्याचं पिल्लू उचलणं ही वानरांच्या टोळीतली रोजची रीत आहे. गोदाकाठच्या एखाद्या चिंचेखाली थांबून नवी बाळंतीण जरूर बघा. आई भुरी आणि काळ्या तोंडाची, तर बाळ काळपट आणि फिकट गुलाबी तोंडाचं. त्याच्याभोवती माद्यांची झुंबड उडते. एखादी तरणी मादी ते ओढून घेते, कधी उलटंच धरते. बाळ चिरकतं, आई पाला ओरबाडत राहते. पाल्यात कस कमी, म्हणून पोट भरायला वेळ लागतो. तेवढी तिला उसंत मिळते. वानराचं बाळ जन्मल्यापासून मुठी आवळून केसांना लटकतं. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजाला ती पकड नाही; लवूळची पिल्लं म्हणूनच दगावली असावीत.

मादी सहसा जन्मली त्याच टोळीत राहते. आया, लेकी, मावश्या हाच टोळीचा कणा. नर वयात आले की बाहेर पडतात आणि नरांच्या वेगळ्या टोळक्यात फिरतात. बहुतेक टोळ्यांत हुप्प्या एकच, आणि खरी हिंसा त्याच्या गादीपाशी आहे. १९६०च्या दशकात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ पाहिलं, की नवा हुप्प्या जुन्याला हुसकावतो आणि अंगावरची पिल्लं मारतो. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरून त्याचं कारण मांडलं: दूध तुटलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते.

माद्या हे मुकाट्यानं सोसत नाहीत. मादागास्करच्या कडीशेपटी लेमूरमध्ये माद्यांचाच वरचष्मा असतो. वानरीला तो मान नाही; पण ती इतर माद्यांसह नरावर तुटून पडते, आणि एकाहून अधिक नरांशी संग करून बाप कोण याचा घोळही घालते.

नेपाळमधल्या रामनगरला एकाच टोळीत अनेक नर असतात. तिथल्या वानरांच्या विष्ठेतला डीएनए तपासून १९९९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पिल्लांवर हल्ला करणारा एकही नर त्यांचा बाप नव्हता.