आठ-बिटी यंत्राची भाषा कशी शिकावी?

ज्या घरांत १९८० ते २००० या काळांत अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलेले कोणी काका, आत्या वा मामा असतील, त्या घराच्या माळ्यावर एखादी जाडजूड प्रयोगवही बहुधा सांपडेल. तिच्या पानांवर उभे रकाने आंखलेले असतात. एका रकान्यांत पत्ता, दुसऱ्यांत दोन-दोन चिन्हांचे संकेत, तिसऱ्यांत आज्ञा. घरांतील तरुण मंडळींस ही वही रद्दींत घालण्याजोगी वाटते. आमची विनंति इतकीच कीं, तसें करण्यापूर्वीं ती एकवार उघडून पाहावी; कारण संगणक आंतून कसा चालतो हें मुळापासून समजून घेण्याचें इतकें सोपें साधन दुसरें क्वचितच मिळेल.

ही वही ज्या प्रोसेसरासंबंधीं आहे तो बहुधा इंटेल कंपनीचा ८०८५ असतो. हा १९७६ सालीं निघाला. मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२ हा १९७५ सालचा, व झायलॉगचा झेड-८० हा १९७६ सालचा. हीं त्याचीं समवयस्क भावंडें होत. तिन्ही प्रोसेसर आठ-बिटी. म्हणजे एका वेळीं ० ते २५५ एवढीच संख्या हातांत धरणारे, आणि मेमरीच्या ६५,५३६ घरांपर्यंतच थेट पोंचणारे. आजच्या मोबाइलापुढें हीं केवळ खेळणीं होत, हें खरें. तथापि मोबाइलाच्या प्रोसेसरांत अब्जावधि ट्रॅन्झिस्टर असतात, व त्यांचा सारा व्यवहार एका माणसाच्या डोक्यांत मावणें अशक्य. ८०८५ मध्यें ट्रॅन्झिस्टर सुमारें ६,५००, आज्ञा ७४ आणि हिशेबाचीं रजिस्टरें सात. एवढ्या संसाराची पुरती ओळख शाळेंतील मुलासही करून घेतां येते.

आरंभ कसा करावा हें एका उदाहरणानें सांगतों. पांच आणि तीन यांची बेरीज करावयाची आहे. 'ए' रजिस्टरांत पांच भरा, 'बी' रजिस्टरांत तीन भरा, दोहोंची बेरीज करा, उत्तर मेमरीच्या २०५० या घरांत ठेवा, आणि थांबा. एवढ्या पांच आज्ञा. असेंब्ली भाषेंत प्रत्येक आज्ञेस एक आंखूड नांव असतें व यंत्रासाठीं तिचा एक संकेत ठरलेला असतो. कोष्टक पाहून ते संकेत मांडले म्हणजे पुढील ओळ तयार होते : ३ई ०५ ०६ ०३ ८० ३२ ५० २० ७६. एकंदर नऊ बाइट. २०५० हा पत्ता येथें ५० २० असा उलटा लिहिला आहे, ही चूक नव्हे. पत्त्याचा धाकटा भाग आधीं लिहावा अशी या प्रोसेसराची रीतच आहे. या उलटापालटींत प्रत्येक विद्यार्थी एकदां तरी फसतो, आणि एकदां फसला म्हणजे पुन्हां विसरत नाहीं.

हे संकेत सोळाच्या गणनेंत असतात, म्हणून कित्येक मुलें बिचकतात. परंतु १९५७ पर्यंत आपल्या घरांतील सारा जमाखर्च सोळाच्याच पायावर चालत होता! आठ आणे व नऊ आणे मिळून एक रुपया एक आणा होतो. यंत्रही आठ व नऊ यांची बेरीज ११ अशीच दाखवितें. ज्या आजोबांनीं रुपये-आणे मांडले आहेत, त्यांस ही गणना समजावयास एक संध्याकाळही लागणार नाहीं.

आणखी एक गंमत. वरील पांच आज्ञांस घड्याळाचे अनुक्रमें ७, ७, ४, १३ व ५ ठोके लागतात, एकूण ३६. घड्याळ सेकंदास तीस लक्ष ठोके देत असेल, तर सारें काम सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकीं बारा भागांत उरकतें. यंत्राच्या वेळेचा हिशेब असा पेन्सिलीनें, पैपैचा, मांडतां येतो.

आतां साधनांविषयीं. ८०८५ साठीं प्रा. रमेश गांवकर यांचें इंग्रजी पुस्तक महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं वापरलें आहे. गांवकर हे न्यूयॉर्क राज्यांतील ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजांत अध्यापक होते. त्यांच्या ग्रंथाची भारतीय आवृत्ति मुंबईहून निघाली. सोडविलेलीं उदाहरणें पुष्कळ हवीं असतील, तर लान्स लेव्हेंथॉल यांचीं ८०८५ वरील (१९७८) व ६५०२ वरील (१९७९) पुस्तकें पाहावीं. प्रत्यक्ष यंत्र नसलें तरी अडत नाहीं. 'ग्नूसिम८०८५' हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. त्यांत एकेक आज्ञा चालवून प्रत्येक रजिस्टरांत काय पालटलें तें पाहतां येतें. 'व्हिज्युअल ६५०२' मध्यें तर त्या चिपेच्या छायाचित्रांवरून उभारलेलें तिचें अंतरंगच पडद्यावर चालतांना दिसतें. ज्यांस तारा जोडून स्वतः यंत्र बांधावयाचें असेल, त्यांनीं ६५०२ घ्यावा, कारण त्याचा सुधारलेला प्रकार अद्याप तयार होतो. स्वतंत्र झेड-८० चें उत्पादन थांबवीत असल्याचें त्याच्या कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलें.

मात्र हीं सर्व साधनें एकदम जमवूं नयेत. एक प्रोसेसर, एक पुस्तक, एक वही. तीन गुरु करणारा शिष्य बहुधा कोणाचाच राहत नाहीं.

कोणी विचारील, हल्लीं यंत्रास मराठींत सांगितलें तरी तें प्रोग्राम लिहून देतें; मग हा खटाटोप कशास? आमचें उत्तर असें कीं, लिहून मिळालेला प्रोग्राम बरोबर आहे कीं नाहीं, हें घरांतील कोणास तरी कळलें पाहिजे. २५५ मध्यें एक मिळविला असतां 'ए' रजिस्टरांत शून्य उरतें, व हातचा एक निराळ्या खुणेंत जातो. ती खूण न पाहणाऱ्याचा हिशेब चुकतो, आणि यंत्र मात्र कांहींच तक्रार करीत नाहीं. हें ज्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं एकदां पाहिलें, तो पडद्यावरील कोणतेंही उत्तर निमूटपणें खरें मानणार नाहीं.

आणि या विद्येचे शिक्षक आज घरांतच आहेत. ज्यांनीं किटावरील एकेक कळ दाबून प्रोग्राम भरले, व वीज जातांच ते पुसले गेलेले पाहून पुन्हां पहिल्यापासून भरले, ती पिढी आतां निवृत्तीच्या वयास आली आहे. पुस्तक पुढेंमागें केव्हांही मिळेल. शेजारीं बसून 'पत्ता उलटा लिही रे' म्हणणारी आत्या तशी मिळणार नाहीं. येत्या सुटींत माळ्यावरची वही खालीं काढावी, आणि तिच्यासमवेत आत्यासही बोलवावें.