धर्मग्रामांतील प्राथमिक शाळा

वसई तालुक्याच्या पश्चिमेस, समुद्र आणि रेल्वेचा रस्ता यांच्यामध्यें जी सुपीक पट्टी आहे, तींतील पापडी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गांवांतून फिरणाऱ्या माणसास एक गोष्ट सहज दिसते. जेथें मोठें चर्च आहे, तेथें त्याच्या आवारांत किंवा हाकेच्या अंतरावर बहुधा शाळाही असते. दोहोंची घंटा एकाच वस्तीला ऐकूं येते. हें शेजारपण केवळ जागेच्या सोयीचें नाहीं. कॅथॉलिक समाजाची प्राथमिक शाळा ही त्या समाजाच्या धार्मिक जीवनाचें एक अंग असते, आणि तें अंग कसें चालतें हें समजून घेतल्यावांचून ह्या शाळांची खरी ओळख होत नाहीं.

बाहेरच्या माणसाच्या मनांत अशा शाळेचीं दोन चित्रें असतात. कोणास वाटतें कीं, येथें मुलांकडून धर्माचे पाठ घोकून घेत असावेत. कोणास वाटतें कीं, शिस्त आणि नीटनेटकेपणा यांपलीकडे हिचें वैशिष्ट्य कांहींच नाहीं. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. लहान मुलाच्या मनांत श्रद्धा रुजते ती धड्यानें थोडी आणि सहवासानें फार. आपल्या भोंवतालचीं माणसें कशाला मान देतात, कोणासाठीं थांबतात, चुकल्यावर काय करतात, दुःखाच्या वेळीं कोठें जमतात, हें मूल पाहतें आणि तसें वागूं लागतें. शाळेंत श्रद्धा असते ती ह्या वागण्यांत.

प्रथम ‘धर्मग्राम’ हा शब्द पाहूं. एका चर्चच्या कक्षेंत येणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम. त्याचा कारभार एका प्रमुख धर्मगुरूकडे असतो. मुलाचा बाप्तिस्मा, तरुणांचा विवाह, वृद्धांचा दफनविधि ह्या सर्वांची नोंद त्या चर्चच्या वह्यांत होते. अशा धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. वसईचे धर्मग्राम पूर्वीं मुंबईच्या धर्मप्रांतांत मोडत. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. धर्मग्रामाची शाळा ह्या रचनेच्या तळाशीं असते. ज्या मुलाचें नांव एकदां चर्चच्या वहींत लिहिलें गेलें, तेंच पांचसहा वर्षांनीं शाळेच्या हजेरीपटावर येतें; आणि ज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्याला पाळण्यांत पाहिलें, त्यांचींच मुलें त्याच्या बांकावर बसतात.

मुलांना धर्म शिकविण्याची ही परंपरा पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. १५४२ सालीं गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेवियर हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना व धर्माचीं मुख्य तत्त्वें चालीवर म्हणवून घेत. पुढें फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. नव्या ख्रिस्ती लोकांना पूर्वींच्या पुराणश्रवणाची गोडी होती, ती त्यांना आपल्याच भाषेंत मिळावी हा त्याचा हेतु होता. झेवियरांनीं मुलांचा कान ओळखला आणि स्टीफन्सनें लोकांची भाषा ओळखली. ह्या दोन गोष्टी प्राथमिक शिक्षकास आजही विसरून चालत नाहीं.

वसईचा इतिहास ह्याहून निराळा एक धडा देतो. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. दोन शतकांची सत्ता गेली. परंतु सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील जीं कुटुंबें ख्रिस्ती झालीं होतीं, त्यांची श्रद्धा मागें उरली. ती उरली ती घरांतील संध्याकाळच्या प्रार्थनेंत, जपमाळेंत, सणावारांत आणि आजीच्या तोंडच्या गोष्टींत. राज्याच्या आधारावांचून जी वस्तु टिकते, ती माणसांनीं एकमेकांच्या आधारानें टिकविलेली असते. धर्मग्रामाची शाळा ही त्याच आधाराची पुढची पायरी होय.

आतां प्राथमिक शाळेलाच एवढें महत्त्व कां, हा प्रश्न येतो. ह्याचें उत्तर कॅथॉलिक धर्माच्या एका नियमांत आहे. पूर्वीं अनेक ठिकाणीं मुलांना पहिली कम्युनियन देण्यास बाराचौदा वर्षांपर्यंत थांबत. १९१० सालीं पोप दहावे पायस यांनीं आज्ञापत्र काढून हें वय खालीं आणलें. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद ज्या मुलास कळतो, आणि बरें कोणतें व वाईट कोणतें हें ज्यास उमगूं लागतें, तें मूल ह्या संस्कारास पात्र आहे. आणि असें वय सुमारें सात वर्षांचें होय, असें त्यांत ठरविलें. ह्यामुळें पहिलें पापनिवेदन आणि पहिली कम्युनियन हे दोन्ही संस्कार प्राथमिक शाळेच्या वयांत येऊन पडले. अक्षर वळविण्याच्या वयांतच मन वळविण्याचें काम आलें.

त्या तयारीचें स्वरूप पाहण्याजोगें आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग कोठें शाळेच्या वेळेंत, तर कोठें रविवारच्या मिस्सेनंतर भरतात. मुलांना प्रार्थना, दहा आज्ञा, येशूच्या गोष्टी, संस्कारांचा अर्थ हें शिकवितात. परंतु त्यांतील अवघड भाग पाठांतराचा नसतो. अवघड असतें तें पापनिवेदन. सातआठ वर्षांच्या मुलानें स्वतःकडे पाहावयाचें, आपण काय चुकलों तें शब्दांत सांगावयाचें, आणि पुन्हां तसें न करण्याचा निश्चय करावयाचा. ज्या वर्गांत चूक कबूल केल्याबरोबर छडी बसते, त्या वर्गांतील मुलाला क्षमा ह्या शब्दाचा अर्थ धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून कळणार नाहीं. ज्या वर्गांत शेजाऱ्याची पेन्सिल मोडणारा मुलगा उठून तसें सांगतो, आणि शिक्षक त्याच्याकडून भरपाई करवून घेऊन गोष्ट तेथेंच संपवितात, त्या वर्गांत संस्काराची अर्धी तयारी आपोआप झालेली असते.

अशा शाळेचा दिवस साधा असतो. सकाळीं प्रार्थना होते; कॅथॉलिक मुलें कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांस स्पर्श करून क्रुसाची खूण करतात. मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि इतर शाळांत असतात तेच तास. गणित, भाषा, परिसर हे विषय शासनाच्या अभ्यासक्रमाप्रमाणेंच चालतात. कॅथॉलिक गणित असें कांहीं नसतें. कोणा मुलाचे वडील आजारी असले, तर सकाळच्या प्रार्थनेंत त्यांचें नांव घेतलें जातें. कोणाच्या घरीं मृत्यु झाला, तर वर्ग क्षणभर स्तब्ध उभा राहतो, आणि पुढें तो मुलगा परत आल्यावर त्याच्याशीं कसें बोलावें हें बाई आधींच मुलांना सांगून ठेवतात. हें वेळापत्रकांत कोठेंही लिहिलेलें नसतें.

वर्षाचा क्रम चर्चच्या पंचांगाशीं जोडलेला असतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. दोन नोव्हेंबरला मृतांचें स्मरण होतें आणि कुटुंबें कबरस्तानांत मेणबत्त्या लावतात. डिसेंबरांत नाताळचा गोठा उभा राहतो. मुलें गवत, माती आणि कागद आणून तो रचतात, आणि देव गोठ्यांत कां जन्मला ह्या प्रश्नाचें उत्तर हातांनीं काम करतां करतां शोधतात. फेब्रुवारींत संत गोन्सालो गार्सिया यांचा दिवस येतो. वसईंत जन्मलेला हा पुरुष १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्यें त्यास संतपद मिळालें. आपल्याच गांवच्या वाटेवर खेळलेला एक मुलगा संत झाला, ही गोष्ट मुलांच्या मनाला लांबच्या संतांच्या चरित्रांहून अधिक भिडते. राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्या काळांत मुलांना खाऊच्या पैशांतून कांहीं वांचवून गरिबांसाठीं पेटींत टाकण्यास सांगतात. रक्कम लहान असते. परंतु खाऊ न घेण्याचा निर्णय मुलाचा स्वतःचा असतो, आणि त्याचें मोल तेथेंच आहे.

येथपर्यंतचें वर्णन कॅथॉलिक मुलांचें झालें. परंतु ह्या शाळांच्या बांकांवर तींच मुलें बसतात असें नाहीं. शेजारच्या हिंदु वस्तींतील, मुसलमान घरांतील, आदिवासी पाड्यांवरील मुलेंही तेथें शिकतात, आणि शिक्षकवर्गांतही निरनिराळ्या धर्मांचीं माणसें असतात. ह्या मुलांच्या बाबतींत कायदा स्पष्ट आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या संविधानानें तिसाव्या अनुच्छेदांत अल्पसंख्य समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर अठ्ठाविसाव्या अनुच्छेदांत असें बंधन घातलें आहे कीं, शासनमान्य किंवा शासनाची मदत घेणाऱ्या संस्थेंतील कोणाही विद्यार्थ्यास, अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणांत किंवा उपासनेंत भाग घेण्यास लावतां येणार नाहीं. एका अनुच्छेदानें समाजाला घर दिलें, दुसऱ्यानें त्या घरांत आलेल्या पाहुण्याच्या मुलाचें मन सुरक्षित ठेवलें.

म्हणून जेथें शाळेच्या वेळेंत धर्मशिक्षण चालतें, तेथें इतर मुलांसाठीं नीतिशिक्षणाचा तास ठेवण्याची पद्धति आहे. कायद्याची अट एवढ्यानें पुरी होते; पण श्रद्धेची कसोटी येथेंच सुरू होते. तो तास नीट तयारीनें घेतला जातो कीं व्हरांड्यांत बसून वेळ काढण्याचा होतो? नाताळच्या नाटकांत त्या मुलांना काम मिळतें कीं खुर्च्या उचलण्यापुरतेंच त्यांना बोलावितात? गणपतीच्या किंवा ईदच्या दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यांची गोष्ट कोणी आनंदानें विचारतो काय? शेजाऱ्यावर प्रेम करा असें शिकविणाऱ्या शाळेंत शेजारी हा बाजूच्या बांकावरच बसलेला असतो. त्याला आपण ह्या घरांत उपरे आहोंत असें वाटलें, तर फळ्यावरचा सुंदर अक्षरांतील सुविचार पुसून टाकलेला बरा.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि वसईपुरता तो फार नाजूक आहे. येथील सामवेदी कॅथॉलिक घरांत कादोडी ही बोली चालते. वाडवळांची बोली निराळी. शाळेंत येऊन मूल प्रमाण मराठी शिकतें. चर्चमधील मिस्साविधि शतकानुशतकें लॅटिन भाषेंत होत असे. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि वसईच्या चर्चांतून मराठी घुमूं लागली. ह्यामुळें घर, शाळा आणि चर्च हीं तिन्ही ठिकाणें एका भाषेच्या धाग्यानें बांधलीं गेलीं. ह्या मातीनें मराठीलाही परत दिलें. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२ ते २०२४) यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें.

महाराष्ट्रांत इतरत्र झालें तसें येथेंही पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला आहे. पोटापाण्याच्या दृष्टीनें त्यांना दोष देतां येत नाहीं. आपल्या मुलाची वाट रुंद व्हावी असें कोणास वाटत नाहीं? परंतु हिशेब पुरा मांडावयास हवा. मूल शाळेंत इंग्रजींत प्रार्थना शिकलें, आणि संध्याकाळीं आजी मराठींत जपमाळ म्हणूं लागली, तर एकाच खोलींत गुडघे टेकलेल्या दोन पिढ्यांना एकमेकींचे शब्द परके होतात. शाळेनें न शिकविलेली प्रार्थना मग घरानें शिकवावी लागते. माध्यम कोणतेंही निवडलें, तरी हें काम कोणाकडे राहिलें, ह्याचा निर्णय त्याच दिवशीं झाला पाहिजे.

ह्याच परिषदेनें १९६५ सालीं शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र काढलें, त्यांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणजे त्याचे आईबाप. आणि कॅथॉलिक शाळेचें विशेष काम म्हणजे स्वातंत्र्य व प्रीति यांनीं भरलेलें वातावरण निर्माण करणें. ह्या दोन वाक्यांचा अर्थ व्यवहारांत उतरविणें सोपें नाहीं. प्रवेशाच्या दिवशीं मुलाला शाळेच्या हवालीं करून निश्चिंत होणारा पालक पहिलें वाक्य विसरतो. निकालाच्या टक्क्यांत गुंतलेली शाळा दुसरें विसरते. आणि शाळेच्या छपराच्या दुरुस्तीपुरतीच शाळेची आठवण ठेवणारा धर्मग्राम दोन्ही विसरतो.

श्रद्धा जर सहवासानें येत असेल, तर मुलांचा सहवास कसा आहे ह्याची चौकशी हीच धर्मशिक्षणाची खरी तपासणी ठरते. मुलाला किती प्रार्थना पाठ आहेत हें विचारण्यास पांच मिनिटें पुरतात. डबा न आणलेल्या सोबत्याकडे तें मधल्या सुट्टींत पाहतें कीं नाहीं, हें कळण्यास मात्र आईबाप, शिक्षक आणि धर्मगुरु या तिघांनींही त्याच्याजवळ पुष्कळ दिवस राहावें लागतें.