'लेंकेन' आणि 'श्टॉयर्न'

छत्रपती संभाजीनगराजवळ (पूर्वीचें औरंगाबाद) शेंद्रा येथें स्कोडाच्या कारखान्यांत सन २००१ पासून मोटारी जुळविल्या जातात. कंपनी मुळांत झेक, पण जर्मन फोक्सवागेनच्या कुटुंबांतली. अशा ठिकाणीं जर्मन शिकणाऱ्या तरुण यंत्रज्ञाला दोन क्रियापदें हटकून भेटतात. कोशांत दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच, 'वाहनाला दिशा देणें'; आणि घोंटाळा तेथेंच होतो.

'लेंकेन' ह्याचा मूळ अर्थ वाकविणें. शरीराच्या सांध्याला जर्मनांत 'गेलेंक' म्हणतात, तो शब्द त्याच कुळांतला. गाडीवान कासरा ओढून बैलांची मान वळवितो, तसाच हा अर्थ मोटारीपर्यंत आला. सायकलच्या हँडलाला 'लेंकर' म्हणतात. आपल्या लेंकराशीं अर्थातच त्याचें नातें नाहीं.

'श्टॉयर्न' मात्र पाण्यावरचें. 'श्टॉयर' म्हणजे जहाजाचें सुकाणू. जहाज व विमान ह्यांना हेंच क्रियापद शोभतें; मोटारीला दोन्ही चालतात. मराठींत कारभाराचें सुकाणू हातीं घेतात, तसा जर्मनांतही सुकाणूचा अर्थ 'नियंत्रण' असा विस्तारला. (तोच शब्द स्त्रीलिंगीं वापरला कीं त्याचा अर्थ 'कर' होतो, खलाशाच्या जागीं तहसीलदार उभा राहतो!)

ह्या विस्तारामुळेंच यंत्रशाळेंत फसगत होते. मोटार वळविणारी यंत्रणा ती 'लेंकुंग'. पण 'श्टॉयरकेट' ही सांखळी वळविण्याच्या चाकापाशीं शोधून सांपडावयाची नाहीं. ती एंजिनांत असते आणि झडपांची उघडझाप दट्ट्यांच्या चालीशीं जुळवून ठेवते. ती निसटली तर पुष्कळ एंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळून एंजिनच निकामी होतें. कोशांतला पहिला अर्थ घेऊन थांबणें येथें चांगलेंच महाग पडेल.

तिसरें क्रियापद 'फारेन'. वाहनानें जाणें, एवढाच त्याचा साधा अर्थ. 'मी मोटारीनें गेलों' असें त्यानें सांगितलें, तरी बोलणारा मोटार चालवीत होता कीं मागें बसला होता, हें कळत नाहीं. 'लेंकेन'मध्यें तो संशय उरत नाहीं. जर्मनींत चालकाला सामान्यतः 'फारर' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या वाहतूक-कायद्यांत मात्र तो 'लेंकर' असतो, आणि त्याच्या परवान्याचें नांवही ह्याच क्रियापदावरून पडलें आहे. म्हणजे हँडलाला जें नांव, तेंच तेथें तें धरणाऱ्यालाही.