बाळाविषयी खात्रीचं कुठे मिळेल?

व्हॉट्सॲपवरचा ‘संशोधनातून सिद्ध’ बाळगुटीचा सल्ला पुढे पाठवण्याआधी हे पाहा :

● आकडे : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१). त्यात कोल्हापूर जिल्ह्याचं स्वतंत्र माहितीपत्रक आहे; लसीकरण, स्तनपान, कुपोषण सारं एका जागी.

● प्रबंध : ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात.

● अनुभव : ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचं कोसबाडच्या अंगणवाडी-बालवाडीतलं काम. प्राथमिक वयासाठी लीलाताई पाटील यांची कोल्हापुरातली ‘सृजन आनंद’ शाळा.

● ग्रंथालय : कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर (स्थापना १८५०) आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय.

● पारख : किती मुलं पाहिली? कुठे, कधी? पैसा कुणाचा? उत्तर नसेल, तर तो मजकूर तुमच्यापाशीच थांबू द्या.